जांभळे चौकोन

आमच्या भिंतीवरचं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे आहे. यात घड्याळाचा काही दोष नाही. दहा मिनिटं मी पुढे केली, इशिताची शाळेची बस चुकू नये म्हणून. त्याआधी दहा सासूबाईंनी केली होती, कुकर वेळेवर लागावा म्हणून, आणि पाच यतीनने, ऑफिसला निघताना धावपळ नको म्हणून. कोणी कोणाला सांगितलं नाही. आता घरातलं प्रत्येक माणूस घड्याळाकडे बघून मनातल्या मनात आपापली वजाबाकी करतं आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. पाहुणे मात्र दचकून लवकर उठतात, एवढा एक फायदा.

हे आधी सांगायचं कारण असं, की 'ओव्हरक्लॉक' हा शब्द आमच्या घरात आला तेव्हा तो कोणालाच परका वाटला नाही.

शनिवारी अकरा वाजता इशिताचं नव्या शाळेत पहिलीसाठी 'इंटरॅक्शन' होतं, कंप्यूटरवरून. त्याला मुलाखत म्हणायचं नाही. लहान मुलांची मुलाखत घेत नाहीत. त्यांना फक्त प्रश्न विचारतात आणि उत्तरं लिहून घेतात. शाळेच्या ईमेलमध्ये चौदा सूचना होत्या. मोबाइल चालणार नाही. मागची भिंत कोरी हवी. पालकांनी खाणाखुणा करू नयेत. नववी सूचना अशी, की व्हिडिओ अडकल्यास जबाबदारी पालकांची, आणि पुन्हा वेळ मिळणार नाही. ही नववी सूचना मी इतक्यांदा वाचली, की आता आरती चालू असताना मध्येच तोंडात येते.

इशिता साडेपाच वर्षांची आहे. तिला प्रश्न विचारला की ती उत्तर देते. फक्त मध्ये तेरा सेकंद जातात. मी मोजलेत. बालवाडीच्या बाईंनी वहीत 'स्लो टु रिस्पॉन्ड' असं लाल शाईने लिहिलं, त्या दिवसापासून मी मोजते. तेरा सेकंद म्हणजे काही फार नाही असं तुम्हाला वाटेल. एकदा कोणाला तरी 'कसे आहात?' विचारा आणि तेरा सेकंद उभे राहून बघा.

तर त्याच्या आदल्या रविवारी आम्ही रंगीत तालीम केली. चौथ्या मजल्यावरचा कुलदीप आयटी कंपनीत आहे. तो त्याच्या घरून प्रिन्सिपल झाला. इशिता आमच्या कंप्यूटरसमोर बसली, आणि मी टेबलाखाली, खाणाखुणा न करण्याचा सराव करत.

"हॅलो, इशिता! व्हिच फ्रूट डू यू लाइक?"

इशिता छताकडे बघू लागली. मी मोजायला लागले. सातव्या सेकंदाला कुलदीप ओरडला, "भाभी! आपका हँग हो गया!"

आणि मी, टेबलाखालून, एका क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "हाँ हाँ, हँग ही हो गया. हमारा कंप्यूटर पुराना है ना."

कुलदीपने कॉल बंद केला. त्यानंतर इशिता म्हणाली, "सीताफळ. पण बिया काढून दिल्या तर."

संध्याकाळी मी तिची वेणी घालत होते. तिने मान न वळवता विचारलं, "आई, मी हँग झाले होते का?"

"नाही गं, कंप्यूटर झाला होता."

तेरा सेकंद.

"पण पंखा तर चालू होता त्याचा."

मी वेणी जरा घट्टच घातली.

आता एकदा कंप्यूटरवर आळ घातल्यावर त्याला निर्दोष कसं म्हणणार? सोमवारी कुलदीपचा फोन आला. "भाभी, नया लेने की क्या जरूरत? ओव्हरक्लॉक कर लो. ग्राफिक कार्ड की घडी थोडी तेज कर दो, बस. फ्री की स्पीड है." 'फ्री' हा शब्द ऐकून आजवर आमच्या घरातलं कोणी मागे फिरलेलं नाही. त्याने एक छोटं सॉफ्टवेअर पाठवलं. त्यात दोन सरकत्या पट्ट्या होत्या. "ऊपरवाली पट्टी पचास तक ले जाओ," तो म्हणाला.

मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स घेऊन. वेग वाढला की उष्णता वाढते, हे मला परीक्षेत दहा मार्कांना आलं होतं आणि मी ते आकृतीसह लिहिलं होतं. पण परीक्षेत मला मुलगी नव्हती. मी आमटीत गूळ घालतानासुद्धा सांगितल्यापेक्षा चिमूटभर जास्त घालते. पन्नास केलं. काही झालं नाही. शंभर केलं. मग दीडशे. खालच्या पट्टीवर आठशे असा आकडा होता. तो कंपनीतूनच तसा आला असणार असं समजून मी तिला हात लावला नाही. यतीनला मी यातलं काही बोलले नाही. हा कंप्यूटर त्याने लॉकडाऊनमध्ये एकेक भाग जमवून स्वतः जोडला होता, आणि त्याच्यासमोर कोणी माऊस जरी जोरात आपटला तरी त्याच्या चेहऱ्यावर कळ उमटते.

मंगळवारी सगळं छान चाललं. बुधवारी दुपारी इशिता गाण्याचा व्हिडिओ बघत होती. त्यात एक हत्ती नाचत होता. अचानक हत्तीच्या कानावर एक जांभळा चौकोन आला. मग सोंडेवर चार. मग हिरव्या रेघा. इशिता आनंदाने टाळ्या वाजवत म्हणाली, "आई, हत्तीला फरशी बसवली!"

मी इशिताला बाजूला केलं, कॅमेरा चालू केला आणि स्वतःला बघितलं. डाव्या गालावर नऊ चौकोन. उजवा डोळा त्रिकोणी. या अवस्थेत शाळेने मला पालक म्हणून मान्य केलं नसतं.

मी घाईघाईने वरची पट्टी शून्यावर आणली. चौकोन तिथेच. बंद करून चालू केलं. दहा मिनिटं गप्प, आणि मग पुन्हा चौकोन. याचा अर्थ, चूक माझी नव्हती. पण मग याचा अर्थ असाही होता, की दुसरं काहीतरी भयंकर झालंय.

यतीन घरी आला. मी म्हटलं, "अरे, स्क्रीनवर चौकोन येतायत."

"सेटिंगचा काही संबंध नसणार," तो लगेच म्हणाला.

सेटिंग हा शब्द मी काढलाच नव्हता. पण तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही, कारण मीही त्याच क्षणी "हो ना, सेटिंगचं काय असणार!" असं जरा मोठ्यानेच म्हणाले होते. मग यतीनने मॉनिटरच्या मागची वायर काढली, तिच्यात फुंकर मारली आणि परत लावली. आमच्या पिढीला लहानपणीच्या व्हिडिओ गेममुळे फुंकर हे दुरुस्तीचं एकच शास्त्र अवगत आहे. चौकोन हलले नाहीत. त्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचे कॉल उघडत नाहीत, आणि कुलदीपचा लॅपटॉप शनिवारीही त्याच्याबरोबर ऑफिसला जातो. सगळी भिस्त या खोक्यावर होती.

सासूबाई हे सगळं सोफ्यावरून बघत होत्या. त्यांनी निदान केलं, "नजर लागलीय. चौथ्या मजल्यावरच्या मुलाने 'भाभी, आपका कंप्यूटर मस्त है' म्हटलं होतं ना?" मग मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या आल्या. करंट लागेल म्हणून त्यांनी आधी कंप्यूटर बंद करायला लावला, त्याची नजर उतरवली, मिरच्यांनी आम्ही सगळे खोकलो, आणि अर्ध्या तासाने चालू केला तर चौकोन गायब! सासूबाईंनी आमच्याकडे अशा काही नजरेने बघितलं, की यतीनचं इंजिनिअरिंगचं सर्टिफिकेट भिंतीवर जरासं तिरकं झालं. दहा मिनिटांनी चौकोन परत आले. "मिरच्या कमी पडल्या," सासूबाई म्हणाल्या.

गुरुवारी सेक्रेटरी बाबुराव पाण्याची नोटीस द्यायला आले. बाबुराव इथले मूळचे. त्यांच्या आजोबांचं मिठागर जिथे होतं तिथे आज आमची इमारत आहे, आणि पाण्यापासून पार्किंगपर्यंत कुठलाही विषय ते तीन वाक्यांत मिठागरावर नेतात. या वेळी एकातच नेला. स्क्रीनकडे बघून ते थबकले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सूनबाई, हे तर आमचं मिठागर!" ते हळूच म्हणाले. "असेच चौकोन. बांध घातलेले. संध्याकाळी ऊन पडलं की असाच रंग." थोडा वेळ ते आणि इशिता शेजारी शेजारी उभे राहून बघत राहिले. "खालून येतंय ते," शेवटी ते म्हणाले. "जमिनीत अजून मीठ आहे. अर्थिंग तपासून घ्या."

आता खरा माणूस शोधणं भाग होतं. पूनम सागर वसाहतीच्या नाक्यावर रोशनचं दुकान आहे. चाळिशीचा, शांत माणूस. आमचा प्रिंटर त्याने दोनदा जिवंत केलाय. शुक्रवारी सकाळी यतीन ऑफिसला गेल्यावर मी गेले तर शटर बंद. फोन लावला.

"वहिनी, मी घरी हाय, पालीला. भावाच्या बोटीला रंग मारायचाय. सोमवारी येतो."

"सोमवारी काय उपयोग? उद्या इंटरॅक्शन आहे हो!"

"मग मशीन इकडं घेऊन या. उत्तनच्या पुढं. कोनाला पन इचारा, रोशनचं घर सांगतील."

शाळेतून आलेल्या इशिताला चार घास भरवले, तोवर सासूबाईंनी वायरी काढून खोकं चादरीत गुंडाळून ठेवलं, आणि मी निघाले. निघताना सासूबाई दोनदा म्हणाल्या, "मागून हात लावू देऊ नकोस हं त्याला." मला वाटलं, बिचाऱ्यांना काळजी.

गेटवर वॉचमनने अडवलं. आमच्या सोसायटीत मोठी वस्तू बाहेर न्यायची तर पास लागतो. मागे एक भाडेकरू सोसायटीच्या सहा खुर्च्या घेऊन गेला तेव्हापासून हा नियम आहे. पास बाबुरावांकडे. बाबुराव जेवत होते. रिक्षावाला दर मिनिटाला हॉर्न वाजवत होता, इशिता खोक्याला "घाबरू नको" असं सांगत होती, आणि मी भर दुपारी स्वतःच्याच घरातली वस्तू चोरून नेणारी बाई म्हणून उभी होते. समोरच्या विंगमधल्या तिघी गॅलरीत आल्या. त्यातल्या एकीने खालपर्यंत ऐकू येईल एवढ्या हळू आवाजात विचारलं, "माहेरी चाललीय का?"

शेवटी बाबुराव हात पुसत आले. फॉर्म काढला. वस्तूचे नाव: कंप्यूटर. बाहेर नेण्याचे कारण: मी घाईत लिहिलं, 'जांभळे चौकोन'.

बाबुरावांनी ते दोनदा वाचलं. "परत आणताना चौकोन असतील की नसतील? रजिस्टरला तशी नोंद करावी लागेल."

"नसतील. देवाच्या कृपेने."

"शिवाय फ्लॅट मनोरमाबाईंच्या नावावर आहे. सही त्यांची लागेल."

सासूबाई गुडघे धरत दोन मजले उतरल्या, सही केली, आणि मला रिक्षात बसवून, आपला स्टोल काढून खोकं माझ्या मांडीला बांधून गेल्या. आठवड्याच्या बाळाला पहिल्यांदा दवाखान्यात नेताना बांधतात, तसं.

पालीच्या कोळीवाड्यातल्या गल्ल्या एवढ्या अरुंद, की समोरून स्कूटर आली की रिक्षा पोट आत घेते. शेवटचा तुकडा मी खोकं कडेवर घेऊन आणि इशिताला बोटाला धरून चालले. उजवीकडे बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, ओळीने, तोंडात तोंड अडकवून. रोशनच्या अंगावर निळ्या रंगाचे ठिपके होते. त्याने हात पुसले आणि खोकं घरातल्या टीव्हीला जोडलं. टीव्हीवर त्याच्या आईची मालिका चालू होती. नायिका नेमकी कड्याच्या टोकावर उभी होती.

"आता ती पडंल का न्हाय ते मना कोन सांगंल?" असं म्हणून ती म्हातारी बाहेर बोंबील पलटायला गेली. इशिता तिच्या मागे.

दहा मिनिटांनी चौकोन आले. टीव्ही मोठा असल्यामुळे ते आणखीच देखणे दिसत होते. रोशनने खोक्याला हात लावून बघितला आणि चटकन मागे घेतला. "वहिनी, हे चुलीसारखं तापलंय. ह्याच्या पाठी काय हाय?"

त्याने मागे हात घातला. इलॅस्टिकचा 'फट्' असा आवाज झाला आणि त्याच्या हातात एक पांढरं, मऊ कापड आलं. वारा बाहेर टाकणाऱ्या पंख्याच्या जाळीवर कोणीतरी ते शिवून बसवलं होतं, टोपीसारखं. धुळीने करडं झालेलं. कोपऱ्यात पिवळ्या धाग्याचं बदक.

इशिताच्या बारशाचं झबलं. चार वर्षं मी ते शोधत होते. माझ्या नणंदेवर संशय घेऊन तिच्याशी एक दिवाळी नीट बोलले नव्हते.

मी घरी फोन लावला, स्पीकरवर. "आई, मागचं झबलं..."

मग सासूबाई म्हणाल्या, "समोर मेट्रोचं काम चालू आहे ना. केवढी धूळ! पोरीची मुलाखत त्याच्यातून होणार. म्हटलं, नाकातोंडात जायला नको त्याच्या. माझ्या पेटीत जपून ठेवलं होतं, ते मंगळवारी रात्री शिवून बसवलं. त्याच्याएवढं मऊ कापड घरात दुसरं नव्हतं गं."

रोशनने कापड झटकलं, घडी केली आणि माझ्या पर्समध्ये ठेवलं. मग त्याने ते दोन पट्ट्यांचं सॉफ्टवेअर उघडलं. "वरची शून्य हाय, बरोबर. खालची आठशे कोनी केली?"

"ती तशीच होती."

"आठशे कुठली तशीच असनार? ही मेमरीची पट्टी. शून्यावर पायजे. आन पुन्ना चालू केलं की आपोआप आठशे होईल, असं सेव पन करून ठेवलंय."

मी यतीनला लावला. मीटिंगमध्ये होता, कुजबुजत बोलला. "अगं, थोडंसंच केलं होतं."

"आठशे?"

"कुलदीप जिन्यात म्हणाला, नीचेवाली से असली फरक पडता है. रविवारीच त्याच्याकडून ते सॉफ्टवेअर घेऊन केलं. तुला सांगणार होतो. पण तू म्हणालीस सेटिंगचं काय असणार, मग म्हटलं आता कसं..." मग तो म्हणाला, "तिचा चेहरा अडकायला नको गं, एवढंच."

मी म्हणाले, "वरची दीडशे मी केली होती." सासूबाईंचा फोन तोवर बंद झाला होता, याचं मला बरं वाटलं. आणि मग लगेच वाईट वाटलं, म्हणून संध्याकाळी त्यांनाही सांगितलं.

रोशन हसला नाही. त्यामुळेच मला जास्त लाज वाटली. "बोटीचं पन असंच हाय," तो म्हणाला. "इंजिन लय पळवलं तर खालचा पंखा पानी कापत न्हाय, नुसता फेस काढतो. आवाज मोठा, बोट जागच्या जागी." त्याने दोन्ही पट्ट्या शून्यावर आणल्या, सेव केलेलं पुसलं, आतली धूळ ब्रशने काढली. नायिका कड्यावरून केव्हाच उतरली होती. स्क्रीनवर आता फक्त आमचा हत्ती नाचत होता. अर्धा तास. एकही चौकोन नाही. जरासा हळू नाचत होता, पण हत्तीला ते शोभतं.

मी बाहेर आले. रोशनची आई बोंबील पलटत होती आणि इशिता शेजारी उकिडवी बसली होती.

"तुना मासा कंचा आवरतं गो?" म्हातारीने विचारलं.

इशिता आभाळाकडे बघू लागली.

चार सेकंद झाले. माझी जीभ वळवळायला लागली. "बोल ना बाळा, आजी काय विचारतायत? पापलेट ना? सांग, पापलेट."

म्हातारीने माझ्याकडे न बघता हात वर केला. हाताला खवलं चिकटलेलं होतं. "ऱ्हा दे. पोर इचार करतंय."

आणि तिने पुढचा बोंबील पलटला. मग त्याच्या पुढचा. तिला कुठेच जायचं नव्हतं. मला आयुष्यात पहिल्यांदा मोजायचं विसरायला झालं.

"बोंबील," इशिता म्हणाली. "पण ओला. काटा कोणी काढून दिला तर."

"मी काढीन," म्हातारी म्हणाली.

परतताना रिक्षात खोकं माझ्या मांडीवर, आणि वर रोशनच्या आईने दिलेली सुक्या बोंबलांची पुडी. भाईंदरच्या पुलाखाली रिक्षा अडकली तेव्हा इशिताने विचारलं, "आई, इचार म्हणजे विचार?"

"हो."

"मग रविवारी मी हँग नव्हते झाले."

"नव्हतीस," मी म्हणाले. "मी कुलदीपकाकांना खोटं सांगितलं. कंप्यूटरही हँग नव्हता."

तिने खोक्यावर हात ठेवला आणि त्याला थोपटलं. मला नाही थोपटलं.

निकाल आत्ताच सांगून टाकते, कारण मला स्वतःला असं लटकत ठेवलेलं सहन होत नाही. शाळेत प्रवेश मिळाला. पण सांगायचं आहे ते वेगळंच.

शनिवारी अकराला, म्हणजे आमच्या भिंतीवर अकरा पंचविसला, आम्ही तिघं कोऱ्या भिंतीपुढे बसलो. भिंत कोरी करायला घड्याळ काढून आतल्या खोलीत ठेवलं होतं. आतून ते टिकटिकत होतं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात, पदराने तोंड झाकून. स्क्रीनवर एक मॅडम आल्या. चौकोन नाही, रेघ नाही. त्यांच्या कानातले मोतीसुद्धा दिसत होते.

"हॅलो, इशिता. व्हॉट इज युअर फेव्हरिट कलर?"

इशिता छताकडे बघू लागली. मॅडमनी हेडफोन नीट केला. "इशिता? कॅन यू हिअर मी?" टेबलाखाली यतीनचा पाय माझ्या पायावर पडला. नेटवर्कचं नाव घ्यायला आमच्या दोघांच्याही जिभा तयार होत्या. मी त्याचा पाय दाबला आणि गप्प बसले. असं गप्प बसायला काय लागतं, ते ज्याची मुलगी आहे त्यालाच कळेल.

"फॉर व्हॉट?" इशिताने विचारलं. "फ्रॉकसाठी की फरशीसाठी?"

मॅडम हसल्या. मग फरशीचा रंग कुठला, तर जांभळा, का, तर हत्तीला शोभतो. ते दोन मिनिटं चाललं. मध्ये मध्ये मोठमोठे खड्डे होते. मॅडम प्रत्येक खड्ड्यापाशी थोड्या घुटमळल्या, पण शेवटी शेवटी पेन खाली ठेवून थांबायला लागल्या.

"अँड नाऊ, मम्मा," त्या माझ्याकडे वळल्या. मराठीतच म्हणाल्या, "तुमच्या मुलीबद्दल एक गोष्ट सांगा. आम्हाला माहीत असायला हवी अशी."

मी यासाठी चार वाक्यं पाठ केली होती. 'इशिता इज अ क्युरिअस अँड कॉन्फिडंट चाइल्ड' इथून सुरू होणारी. तोंड उघडलं आणि चारही गेली. समोर कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत माझाच चेहरा दिसत होता, तोंड अर्धवट उघडं, डोळे वर छताकडे. अगदी तिच्यासारखे. लाल शाईतला शेरा आठवला, झबल्यावरचं बदक आठवलं, सीताफळाच्या बिया आठवल्या. यातलं कुठलं सांगायचं?

"मॅम?" मॅडम म्हणाल्या. "हॅलो? मला वाटतं, यांचा व्हिडिओ हँग झालाय."

यतीन हलला. तो काही बोलणार एवढ्यात इशिताने माझ्यासमोर आडवा हात धरला, तळवा मॅडमकडे, बोटं ताठ. जशी पालीच्या आजीने धरली होती.

"थांबा," ती म्हणाली. "आई इचार करतंय."

मॅडम थांबल्या. दारातल्या सासूबाई थांबल्या. आतलं घड्याळ तेवढं चालू होतं.

"तिला प्रश्न विचारला," शेवटी मी म्हणाले, "की तेवढं थांबा."

इशिताने हात खाली घेतला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

नंतर यतीन म्हणाला, त्याने मोजले होते. तिला तेरा लागतात. मला एकोणीस लागले.